सदाशिव पेठ, सातारा

शुक्रवारी संध्याकाळी सव्वासातला मेल येतो. कुकरची तिसरी शिट्टी व्हायची असते, दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार असतो, आणि फोनवर बँकेच्या नावाखाली एक ओळ उमटते : ‘आपल्या खात्याची केवायसी अपूर्ण आहे. आज रात्री १२ वाजेपर्यंत माहिती अद्ययावत न केल्यास खाते गोठवण्यात येईल.’ खाली निळं बटण.

या मेलात सगळ्यात जास्त डोकं चालवलेलं असतं ते वेळ निवडताना. १ सप्टेंबर २०१५पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. म्हणजे शाखेत जाऊन विचारायचं तर सोमवार उजाडणार, आणि मुदत तर आज रात्रीची. मधल्या अडीच दिवसांत विचारायला कुणी नसतं. हाताशी फोन असतो आणि फोनमध्ये ते बटण.

तेव्हा ही मुदत खरी असू शकते का, एवढंच आधी बघू. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे जास्त जोखमीच्या ग्राहकाची केवायसी, म्हणजे त्याच्या ओळखीची आणि पत्त्याची माहिती, दर दोन वर्षांनी तपासायची, मध्यम जोखमीच्याची आठ वर्षांनी आणि कमी जोखमीच्याची दहा वर्षांनी. पेन्शन, दोन-तीन मुदत ठेवी आणि महिन्याचं वीजबिल एवढाच व्यवहार असलेला कोथरूडचा ग्राहक साधारणपणे तिसऱ्या गटात बसतो. माहितीत काहीच बदल नसेल, तर तसं स्वतः लिहून दिलेलं पुरतं. शिवाय जून २०२५च्या दुरुस्तीनं बँकांना बजावलं आहे, की मुदतीआधी ग्राहकाला किमान तीनदा कळवा, त्यातलं एकदा पत्रानं; आणि मुदत उलटल्यावर आणखी तीनदा आठवण करा, त्यातलीही एक पत्रानं. जिथे सहा सूचना, त्यातल्या दोन पत्रानं, व्हायला हव्यात, तिथे कुणीतरी पावणेपाच तासांत खातं गोठवायला निघालं आहे. हे एकदा डोक्यात बसलं की मेलमधलं पुढचं वाचायचीही गरज राहत नाही.

पण सगळेच भामटे इतके उतावीळ नसतात. नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यायचा असतो, ऐंशी आणि त्यापुढच्या वयाच्यांना तो ऑक्टोबरपासूनच देता येतो. त्या दिवसांत ‘दाखला मिळाला नाही’ असा मेल आला तर तो खराच वाटतो. जुलै-ऑगस्टात प्राप्तिकराच्या परताव्याचा मेल येतो. १ एप्रिल २०२०ला दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या, आयएफएससी बदलले, चेकबुकं बदलली. अशा वेळी ‘आपल्या बँकेचे विलीनीकरण झाले आहे, येथे नोंदणी करा’ हे वाक्य कुणाच्याही घशाखाली सहज उतरतं. चांगली थाप नेहमी खऱ्या बातमीला टेकून उभी असते.

म्हणून खोटा मेल ओळखण्याच्या ज्या खुणा वर्षानुवर्षं सांगितल्या गेल्या, त्यांच्यातल्या निम्म्या आता निकालात काढायला हव्यात. अशुद्ध भाषा ही त्यातली पहिली. पूर्वी ‘प्रिय मूल्यवान ग्राहक’ छापाचं हास्यास्पद भाषांतर यायचं आणि आपण सुटायचो. आता कुणालाही यंत्राकडून नेटकं मराठी लिहून मिळतं. खऱ्या बँकांचं मराठी मात्र अजून ‘आपणांस याद्वारे सूचित करण्यात येते’ इथेच आहे. त्यामुळे बँकेचा मेल फारच गोड आणि ओघवता वाटला, तर पुणेकरानं उलट थबकावं हे बरं. नावानिशी हाक मारली, खात्याचे शेवटचे चार आकडे बरोबर लिहिले, यालाही अर्थ उरलेला नाही. नाव, मोबाइल, जन्मतारीख असलेल्या याद्या कुठून कुठून फुटतात आणि विकल्या जातात. बोधचिन्हाचं तर बोलूच नका. ते बँकेच्याच संकेतस्थळावरून उचलून आणायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

मग बघायचं काय? पत्ता. मेल कुठून आला तो पत्ता, आणि त्याहून महत्त्वाचा म्हणजे मेल तुम्हाला कुठे नेऊ पाहतो तो पत्ता.

आधी पहिला. ई-मेल पोचवण्याची जी पद्धत आजही चालू आहे, तिचे मूळ नियम १९८२ साली लिहिले गेले. तेव्हा जाळ्यावर मोजकी विद्यापीठं आणि संशोधन संस्था होत्या, एकमेकांना ओळखणारी माणसं होती. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव काय लिहिलंय ते तपासायची सोय त्यांनी ठेवली नाही, कारण खोटं नाव कोण कशाला लिहील? ती मोकळीक अजून पुरती बुजलेली नाही. मेलच्या वरच्या ओळीत दिसणारं ‘अमुक बँक, ग्राहक सेवा’ हे नाव पाठवणाऱ्यानं स्वतः टाइप केलेलं असतं. तिथे तो ‘श्रीमंत पेशवे’ असंही लिहू शकतो. त्या नावामागे खरा पत्ता असतो आणि फोनवरचं मेलचं अ‍ॅप जागा वाचवायला नेमका तोच लपवतं. जीमेलमध्ये नावाखालच्या ‘टू मी’ या शब्दांवर बोट ठेवलं की तो उघडतो. पहिली खोटी मेल-मंडळी इथेच गळतात : नाव बँकेचं, पत्ता कुणाच्या तरी फुकटच्या जीमेल खात्याचा किंवा परदेशातल्या एखाद्या फर्निचरच्या दुकानाचा.

उरतात ते चलाख. त्यांच्यासाठी पत्ता वाचायची पद्धत शिकावी लागते, आणि ती आपल्या सवयीच्या उलट आहे. आपण डावीकडून वाचतो. ओळखीचा शब्द दिसला की डोळा थांबतो. संकेतस्थळाचा पत्ता मात्र उजवीकडून वाचायचा असतो.

टपालाचा पत्ता डोळ्यासमोर आणा. सदाशिव पेठ पुण्यात आहे, तशी साताऱ्यातही आहे. ‘अमुक सहकारी बँक, सदाशिव पेठ’ एवढं वाचून कुणी पुण्यातल्या ४११०३० पिनच्या पोस्टाकडे बोट दाखवलं तरी शेवटी ‘सातारा’ लिहिलं असेल तर पाकीट साताऱ्यालाच जाणार. पुढे बँकेचं नाव आहे, पेठेचं नाव आहे, म्हणून पोस्टमन ते ४११०३०ला आणून टाकत नाही. शेवटचा शब्द ठरवतो.

नागरीत लिहून दाखवायचं तर खरा पत्ता असा असेल : अमुकबँक.बँक.इन/लॉगिन. आणि खोटा असा : अमुकबँक.बँक.इन.केवायसी-तपासणी.कॉम/लॉगिन. दुसऱ्यात बँकेचं पूर्ण नाव जसंच्या तसं आहे, आणि तरीही ते निव्वळ पेठेचं नाव आहे. शहर आहे ‘केवायसी-तपासणी.कॉम’. पद्धत अशी : सुरुवातीच्या एचटीटीपीएसनंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडून द्या. त्यानंतर पहिली एकटी तिरकी रेघ कुठे येते ते शोधा. त्या रेघेच्या लगेच डावीकडचे दोन तुकडे, म्हणजे शेवटच्या टिंबानंतरचा शब्द आणि त्या टिंबाआधीचा शब्द, हा खरा मालक. पत्ता ‘.को.इन’ किंवा ‘.बँक.इन’ने संपत असेल तर दोनऐवजी तीन तुकडे घ्या. डावीकडे कितीही टिंबं आणि कितीही नावं असोत, ती मालकानं आपल्या मर्जीनं लावलेली असतात. रेघेच्या उजवीकडचंही तसंच; तिथे बँकेचं नाव लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. पत्त्यात एकटी रेघच नसेल, तर पत्ता जिथे संपतो तिथे ती आहे असं धरा.

जोडरेघ आणि टिंब यांत गल्लत होते, तीही ध्यानात ठेवण्यासारखी. ‘अमुकबँक-बँक.इन’ आणि ‘अमुकबँक.बँक.इन’ कानाला एकच वाटतात. पहिला कुणीही विकत घेऊ शकतं.

दुसरा मिळत नाही, आणि इथे रिझर्व्ह बँकेनं खरोखर कामाची गोष्ट केली आहे. ‘.बँक.इन’ हे शेपूट फक्त बँकांसाठी राखून ठेवलं आणि ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत सगळ्या बँकांनी आपली संकेतस्थळं तिथे हलवावीत असा आदेश दिला. ही नावं देण्याचा अधिकार हैदराबादच्या आयडीआरबीटी या बँकिंग तंत्रज्ञानाच्या एकाच संस्थेकडे आहे. गावगल्लीतल्या कुणालाही पाच-सातशे रुपये भरून हे शेपूट लावता येत नाही. पुण्यासारख्या सहकारी बँकांच्या शहरात याचा उपयोग मोठा आहे, कारण चार-चार शाखांच्या बँकांचे जुने पत्ते कुणाच्याच लक्षात राहत नसत. मात्र दोन गोष्टी आहेत. हे शेपूट पत्त्याच्या शेवटी हवं; मधे असेल तर ती साताऱ्याची सदाशिव पेठ. आणि ‘आमच्या बँकेचा पत्ता बदलला आहे, नव्या ठिकाणी पुन्हा नोंदणी करा’ असा मेल आला तर तोही खोटाच समजावा. बँकेनं आपलं दुकान हलवलं म्हणून तुमचा पासवर्ड बदलत नाही.

अक्षरांचे खेळ वेगळे. रोमन लिपीत लहान आर आणि एन शेजारी आले की फोनच्या बारीक टायपात ते एमसारखे दिसतात. लहान एल, मोठा आय आणि एकचा आकडा हे तिघं जुळे भाऊ. ओच्या जागी शून्य. रशियन लिपीतला ए तर रोमन एपेक्षा डोळ्याला वेगळा दिसतच नाही. ब्राउझर असा मिसळलेला पत्ता बहुतेक वेळा ‘एक्सएन’ आणि दोन जोडरेघांनी सुरू होणाऱ्या विचित्र रूपात उघडा पाडतो, पण मेलच्या मजकुरात तो साळसूद दिसू शकतो. आणि एक जुनी युक्ती आहे ‘ॲट’च्या चिन्हाची. संकेतस्थळाच्या पत्त्यात पहिल्या एकट्या रेघेच्या आधी ते चिन्ह असेल, तर त्याच्या डावीकडच्या सगळ्याला ब्राउझर वापरकर्त्याचं नाव समजतो आणि जातो उजवीकडच्या ठिकाणी. बँकेचं नाव डावीकडे लिहिलेलं असतं हे सांगायला नकोच.

हे सगळं बघायचं कधी, तर टिचकी मारायच्या आधी. बटणावर ‘केवायसी करा’ लिहिलं काय किंवा बँकेचा पूर्ण पत्ता लिहिला काय, त्या अक्षरांमागे तिसराच पत्ता दडवता येतो. संगणकावर माउस नुसता वर धरला की खिडकीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात तो दिसतो. फोनवर बोट दाबून धरावं लागतं. मग पत्ता दिसतो, पण बोट घसरलं की पान उघडतं, आणि दिसलेला पत्ताही पुष्कळदा अर्धाच असतो. नेमका उजवीकडचा अर्धा कापलेला. म्हणून माझं मत असं, की फोनवर पत्ता तपासायचा प्रयत्नच करू नये. शंकेचा मेल संगणकावर उघडावा, नाहीतर तसाच राहू द्यावा. क्यूआर कोड असेल तर तेवढीही सोय नाही. कोड डोळ्यांनी वाचता येत नाही, म्हणूनच तो छापतात.

ज्यांना आणखी खोलात जायचंय त्यांच्यासाठी मेलवर टपालाचे शिक्के असतात. संगणकावर जीमेल उघडून मेलच्या उजवीकडच्या तीन टिंबांतून ‘शो ओरिजिनल’ निवडलं की वरच्या चौकटीत तीन नावं दिसतात : एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क. पहिलं सांगतं, की ज्या सर्व्हरवरून हा मेल निघाला त्याला त्या पत्त्याच्या मालकानं आपल्या यादीत परवानगी दिली होती का. दुसरं म्हणजे लाखेची मोहोर : पाठवणाऱ्या ठिकाणानं मेलवर सही केली, ती जुळते का, वाटेत मजकूर बदलला का. तिसरं या दोन्हींची सांगड वर दिसणाऱ्या ‘फ्रॉम’च्या पत्त्याशी घालतं आणि जुळलं नाही तर काय करायचं, ठेवून घ्यायचं, स्पॅममध्ये टाकायचं की दारातूनच परत पाठवायचं, ही मालकाची इच्छा सांगतं. घाऊक मेल (गुगलच्या हिशेबी दिवसाला पाच हजारांवर) पाठवणाऱ्यांना गुगल आणि याहूनं फेब्रुवारी २०२४पासून हे तिन्ही सक्तीचं केलं.

तिन्हींपुढे ‘पास’ दिसलं म्हणून मेल खरा ठरत नाही. इथे भले भले फसतात. ‘पास’चा अर्थ एवढाच, की पाकिटावर लिहिलेल्या गावाहूनच हे पाकीट निघालं. साताऱ्याहून आलेल्या पाकिटावर साताऱ्याचा शिक्का असला तर तो खराच आहे! केवायसी-तपासणी.कॉमचा मालक आपल्या पत्त्यासाठी तिन्ही गोष्टी तासाभरात, फुकटात उभ्या करतो. उलट बाजूनं, ‘फेल’ म्हणजे खोटाच असंही नाही. एका मेल खात्यातून दुसऱ्यात आपोआप पुढे ढकलला गेलेला खरा मेल एसपीएफमध्ये नापास होऊ शकतो, कारण मधला सर्व्हर बँकेच्या यादीत नसतो. म्हणून आधी पत्ता वाचायचा, मग शिक्का. पत्त्यापुढचं कुलुपाचं चिन्ह त्याहून निरुपयोगी. ते फक्त सांगतं की मधल्या वाटेत कुणी ऐकत नाही. पलीकडे कोण बसलंय याची हमी देत नाही. क्रोमनं २०२३मध्ये ते चिन्ह काढूनच टाकलं, कारण लोक त्याला भरवशाची खूण समजत होते.

इथवर सगळं भामट्यांविषयी झालं. बँकांनाही चार शब्द सुनवायला हवेत.

वर्षानुवर्षं बँका एका तोंडानं सांगतात, ‘मेलमधल्या लिंकवर क्लिक करू नका’, आणि दुसऱ्या हातानं कर्जाच्या जाहिरातीचा मेल पाठवतात, ज्यात मोठं केशरी बटण असतं. ते बटण बँकेच्या पत्त्यावर जातही नाही. आधी जातं मेल पाठवण्याचं कंत्राट घेतलेल्या कंपनीच्या पत्त्यावर, कारण कुणी दाबलं याची मोजदाद तिथे होते. तो पत्ता दीडशे अक्षरांचा, निरर्थक, अगदी फसव्या पत्त्यासारखा. ज्या माणसानं उजवीकडून वाचायची सवय लावून घेतली त्याला खरा मेलच खोटा वाटतो. आणि दोनदा असं झालं की तो वाचायचं सोडून देतो.

महिन्याच्या स्टेटमेंटची तीच कथा. पासवर्ड लावलेली पीडीएफ येते. पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारखेचे चार आकडे, किंवा असंच काही. सुरक्षेसाठी केलेली ही सोय, पण तिनं आपल्या सगळ्यांना एक सवय लावली : बँकेकडून जोडपत्र आलं की उघडायचं, पासवर्ड मागितला की द्यायचा. भामट्याला ही सवय आयती मिळाली. त्याच्या जोडपत्रालाही पासवर्ड असतो, पण कारण वेगळं. कुलूप लावलेली झिप फाइल मेलच्या वाटेवरच्या विषाणुशोधकाला उघडता येत नाही, त्यामुळे आतला माल तपासणीतून सुटतो. इथे फरक ओळखता येतो. खऱ्या मेलात पासवर्ड बनवायचं सूत्र असतं, पासवर्ड नसतो. ‘आपला पासवर्ड १२३४ आहे’ असं मेलातच लिहिलं असेल, तर ते कुलूप तुमच्यासाठी लावलेलं नाही.

जोडपत्राचं शेपूटही उजवीकडूनच वाचायचं. ‘स्टेटमेंट.पीडीएफ.ईएक्सई’ ही पीडीएफ नव्हे, चालू होणारा प्रोग्रॅम आहे. आणि विंडोज ओळखीचं शेवटचं शेपूट मुळातच लपवत असल्यामुळे पडद्यावर फक्त ‘स्टेटमेंट.पीडीएफ’ दिसतं. ‘.एपीके’ म्हणजे फोनमध्ये घुसणारं अ‍ॅप. ते आत गेलं की तुमचे एसएमएस परस्पर दुसरीकडे पोचवू शकतं. कुठलीही बँक आपलं अ‍ॅप मेलनं किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल करून पाठवत नाही. आणि ‘.एचटीएमएल’ हे सगळ्यात लबाड. ते उघडलं की ब्राउझरमध्ये बँकेचं हुबेहूब पान दिसतं, पण ते पान तुमच्याच यंत्रावरच्या फाइलीतून उघडलेलं असतं. वरच्या पट्टीत संकेतस्थळाचा पत्ताच नसतो. वाचायला पत्ता नाही, म्हणजे टाइप करायला जागा नाही.

त्या पानावर पुढे काय होतं हे समजलं की ‘माझ्याकडे ओटीपी आहे ना, मग काय’ हा धीर सुटतो. पानामागे कुणीतरी, किंवा कुणाचा तरी प्रोग्रॅम, त्याच क्षणी बँकेचं खरं संकेतस्थळ उघडून बसलेला असतो. तुम्ही नाव आणि पासवर्ड लिहिता, तो तिकडे तेच लिहितो. बँक तुम्हाला ओटीपी पाठवते. खराखुरा, बँकेच्याच नेहमीच्या नावानं. तुम्ही तो खोट्या पानावर टाकता, तो खऱ्या पानावर टाकतो आणि आत जातो. मग तुमच्यापुढे येतं : ‘ओटीपी चुकला, पुन्हा टाका.’ पहिला ओटीपी लॉगिनचा होता. दुसरा असतो नवा लाभार्थी, म्हणजे पैसे पाठवायचं नवं खातं, जोडण्याचा. तिसऱ्यांदा चुकला, तर तो पैसे पाठवण्याचा.

एसएमएसमध्ये हे सगळं लिहिलेलं असतं. ‘लाभार्थी जोडण्यासाठी’, ‘रुपये अमुक पाठवण्यासाठी’. पण फोन कीबोर्डच्या वर नुसते सहा आकडे आणून ठेवतो आणि आपण वाक्य न वाचता ते दाबतो. एसएमएस पूर्ण उघडून तो कशासाठी आहे ते वाचणं, ही पाच सेकंदांची गोष्ट आहे आणि पुष्कळदा तीच शेवटची संधी असते. ‘ओटीपी चुकला’ दिसलं, तर दुसरा येईपर्यंत थांबू नये. ते पान बंद करावं.

आपल्याकडे बँकेवरच्या चोरीचा विषय निघाला की ऑगस्ट २०१८ची कॉसमॉस बँकेची गोष्ट निघतेच : एटीएमच्या यंत्रणेत घुसून, बनावट कार्डांवर अठ्ठावीस देशांतून काढलेले पैसे, हाँगकाँगला पाठवलेली रक्कम, मिळून ९४ कोटी ४२ लाख. ती चोरी बँकेच्या यंत्रणेतून झाली. ग्राहकानं काही टाइप केलं नव्हतं. इथे किल्ली तुमच्याकडून मागून घेतली जाते, आणि नियमांच्या दृष्टीनं हा फरक फार महाग पडतो. त्याकडे शेवटी येतो.

आधी थोडं सवयींविषयी. पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत जाळीच्या दाराआडून ‘कोण? कुणाकडे आलात?’ एवढं विचारल्याशिवाय कडी निघत नाही. मेलला हीच जाळी लावता येते. बँकेसाठी एक वेगळा ई-मेल पत्ता काढावा; तो बँकेखेरीज कुणालाही, डी-मार्टच्या काउंटरवर नाही आणि मुलांच्या शाळेच्या फॉर्मवरही नाही, द्यायचा नाही. मग तुमच्या नेहमीच्या पत्त्यावर आलेला बँकेचा मेल, त्यात काहीही लिहिलेलं असो, खोटा. तपासायचं कामच नाही. मला माहीत असलेल्या उपायांत इतका स्वस्त आणि इतका पक्का दुसरा नाही, आणि तो फारसं कुणी करत नाही.

दुसरी जाळी पासवर्ड मॅनेजरची. क्रोममधला किंवा फोनमधला साधासुद्धा चालतो. तो बोधचिन्हाला भुलत नाही, पत्ता अक्षर न् अक्षर जुळला तरच पासवर्ड भरतो. आर-एन आणि एम यांत त्याची गल्लत होत नाही. एखाद्या दिवशी बँकेच्या पानावर तो गप्प बसला, तर त्याला दोष देऊन पासवर्ड हातानं टाइप करण्याआधी वरचा पत्ता वाचावा. जीमेलच्या सेटिंगमध्ये बाहेरची चित्रं दाखवण्याआधी विचारण्याचा पर्याय आहे, तोही निवडून ठेवावा. मेल नुसता उघडला तरी चित्र मागवलं जातं, आणि हा पत्ता जिवंत आहे हे पाठवणाऱ्याला कळू शकतं.

आणि मेलमधून बँकेत जायचंच नाही. मेल खरा असला तरी. बँकेचं अ‍ॅप उघडा, किंवा स्वतः जपून ठेवलेला पत्ता उघडा. खरंच काही अडलं असेल तर तिथे आत गेल्यावर सूचना दिसेल. नंबर हवा असेल तर कार्डाच्या मागचा किंवा पासबुकावरचा घ्यावा. मेलमधला नाही, आणि गुगलवर शोधून तर मुळीच नाही. मेलनंतर पंधरा मिनिटांत ‘तुम्ही अजून केवायसी केली नाही’ असा फोन आला, तर नंबर पाहावा. बँकांनी सेवेसंबंधीचे फोन १६००ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करावेत, असं रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२५मध्ये सांगितलं आहे.

तरीही हात चुकतोच. नुसती टिचकी मारली आणि पान उघडलं, काही लिहिलं नाही, काही उतरवून घेतलं नाही, तर घाबरून पाचावर धारण बसवायचं कारण नाही. पान बंद करावं. पासवर्ड लिहिला असेल, तर बँकेच्या खऱ्या पानावर जाऊन तो बदलावा आणि नेट बँकिंग तात्पुरतं बंद करायला फोन लावावा. एपीके टाकलं गेलं असेल तर आधी फोन एरोप्लेन मोडवर टाकावा आणि पुढचे सगळे फोन घरातल्या दुसऱ्या मोबाइलवरून करावेत.

पैसे गेले असतील, तर क्रम असा : बँक, लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन, मग सायबरक्राइम.गव्ह.इन या संकेतस्थळावर तक्रार. १९३०वर व्यवहाराचा क्रमांक विचारतात. आयएमपीएस आणि यूपीआयचा तो बारा आकडी असतो, एनईएफटीचा (त्याला यूटीआर म्हणतात) सोळा अक्षरी, आरटीजीएसचा बावीस. तो एसएमएसमध्ये किंवा स्टेटमेंटमध्ये मिळतो. समोर घेऊनच फोन लावावा. घाई इथे करायची. चोरलेले पैसे एका खात्यात थांबत नाहीत, भाड्यानं घेतलेल्या खात्यांतून तुकडे होत पुढे सरकतात, आणि जिथे ते अजून पडून आहेत तिथेच गोठवता येतात. शिवाजीनगरच्या सायबर पोलीस ठाण्यात किंवा जवळच्या चौकीत सकाळी गेलं तर चालेल, १९३०ला मात्र रात्री अकरालाही फोन लावावा.

पैशांच्या भरपाईचे नियम रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकानं घालून दिले. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कुणाची असेल आणि ग्राहकानं तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याचं नुकसान शून्य. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त दहा हजारांचा भार. पण पासवर्ड किंवा ओटीपी ग्राहकानं स्वतः दिला असेल, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचंच. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे फसवणुकीच्या मेलमध्ये तीन दिवसांची सवलत उपयोगाची नाही, घड्याळ मिनिटांत चालतं. किती वाजता कळवलं याला म्हणूनच पुरावा हवा. फोन केला तर तक्रार क्रमांक मागून घ्यावा, आणि त्याच वेळी एक मेलही टाकावा. खोटा मेल पुरावा म्हणून पाठवताना साधा फॉरवर्ड करू नये. त्यात मूळचे शिक्के गळून पडतात. ‘फॉरवर्ड ॲज अटॅचमेंट’ करावा, आणि मूळ मेल पुसू नये.

गडबड निवळल्यावर दोन ठिकाणी नजर टाकायची राहते, आणि ती बहुतेक जण विसरतात. एक म्हणजे मेलचं सेटिंग, विशेषतः मेलचा आणि बँकेचा पासवर्ड एकच असेल तर. आत शिरलेला माणूस जीमेलच्या ‘फिल्टर्स’मध्ये एक नियम लावून ठेवू शकतो, की बँकेच्या नावाचा मेल आला की परस्पर कचऱ्यात जावा. मग व्यवहाराचे इशारे येत राहतात आणि तुम्हाला दिसत नाहीत. ‘फिल्टर्स’ आणि ‘फॉरवर्डिंग’ ही दोन्ही पानं उघडून आपण न लिहिलेलं काही आहे का ते बघावं.

दुसरं म्हणजे बँकेत जाऊन लाभार्थ्यांची यादी, नोंदवलेला मोबाइल आणि ई-मेल, चालू असलेले मँडेट (खात्यातून परस्पर पैसे वळते करायच्या परवानग्या), हे सगळं वाचून घ्यावं. आणि पासबुक छापून आणावं. महिन्याच्या महिन्याला पासबुक घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या आजोबांची घरात चेष्टा होते खरी, पण नोंद न् नोंद वाचणारा ग्राहक आता तेवढाच उरला आहे. छापलेल्या पानावर एक रुपयाची, दहा रुपयांची अनोळखी नोंद दिसली, तर काउंटर सोडायच्या आधी तिच्याबद्दल विचारावं. मोठी रक्कम काढण्यापूर्वी वाट चालू आहे का, हे पाहायला तेवढीच पाठवून बघतात.